उजव्या कोपऱ्यातले पापड

आमच्या पडवीत बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्याच मुलाला शिव्या घालायचा गावाला हक्क आहे. ओमकारची कबड्डीच्या लीगमध्ये निवड झाली तेव्हा गावाने मिळून मोठा टीव्ही घेतला, आणि सगळ्यात लांब पडवी आमची म्हणून तो आमच्याकडे लावला. टीव्ही गावाचा, भिंत आमची आणि मुलगा दोघांचा, असं ते ठरलेलं आहे.

ओमकार 'कोकण वादळ' संघाचा चढाईपटू. समोरच्या सात जणांत एकट्याने घुसायचं, कुणाला तरी हात लावायचा आणि न सापडता परत यायचं, हे त्याचं काम. पहिल्या चार सामन्यांत त्याने धुमाकूळ घातला. गावाने पेढे वाटले, कशेळ्याच्या नाक्यावर त्याचा बॅनर लागला, आणि ज्यांनी त्याला लहानपणी शेंबड्या म्हटलं होतं त्यांनी बॅनरवर स्वतःचे फोटो घातले. मग कुणाची नजर लागली देव जाणे. पुढच्या सहा सामन्यांत सगळ्या संघाची चढाईच आटली. एक चढाईपटू गुडघा धरून बसला, दुसरा मध्य रेषेवर नाचून परत यायचा आणि आमचा ओमकार जायचा तो हमखास पकडला जायचा.

"वादळ कसलं रं ह्ये? माझ्या घरचा टेबलफॅन बरा!" चांगो ओरडायचा.

चांगो कशेळे ते कर्जत जीप चालवतो. तरुणपणी तो आणि आमचे हे, म्हणजे ओमकारचे बाबा हिरामण, गावच्या संघात एकत्र खेळायचे. खालापूरच्या एका स्पर्धेत जिंकलेला, एक कान तुटलेला चषक आमच्या कपाटात आहे, आणि चांगोचं सगळं ज्ञान त्या चषकावर उभं आहे. तो टीव्हीतल्या प्रशिक्षकालाही शिकवतो.

यांची तऱ्हा वेगळी. हे शिवी देत नाहीत. ओमकार चढाईला निघाला की हे खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करतात आणि विचारतात, "आला काय परत?"

"नाय आला," पडवी म्हणते.

मग हे खुर्ची पुन्हा सरळ करतात. सहा सामने मी त्या खुर्चीचं करकरणं ऐकलं. मी अंगणवाडीत सेविका आहे, वीस पोरांचा गोंधळ मला सहज सोसतो, पण हे सोसेना. सहाव्या सामन्याला मी सगळ्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. पहिला घोट चांगोने घेतला. खेळ सोडून तो थेट अंगणात थुंकायला धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमकारचा फोन आला.

"आई, सरांनी चार दिवस घरी पाठवलंय. डोकं थंड करून ये म्हणाले."

"मग ये की. रडतोस कशाला?"

"रडत नाय गं. रविवारचा सामना शेवटचा हाय. त्यात काय केलं नाय तर पुढल्या वर्षी ठेवणार नायत मला. माथेरानला आपल्या वाडीतल्या मनोजच्या हॉटेलात माणूस पायजे म्हणतात. मी त्याला विचारून ठेवलंय."

हॉटेलचं काम वाईट नाही. आमची निम्मी वाडी माथेरानला हॉटेलांत कामाला आहे आणि चांगली पोटं भरते. पण हा पोरगा सात वर्षांचा असल्यापासून झोपेत 'कबड्डी कबड्डी' म्हणतो. तो हरला म्हणून मला वाईट वाटलं नव्हतं. त्याने आधीच दुसरी नोकरी विचारून ठेवली, याचं मात्र वाटलं.

तो आला तोही चांगोच्याच जीपमधून. तोंडाला रुमाल बांधून मागच्या सीटवर बसला होता, तरी चांगोने ओळखलं. टीव्हीसमोर वाघ असलेला चांगो प्रत्यक्षात काय बोलला असेल? "ओमकारशेट, पुढं या, पुढं. खेळात चालायचंच." भाडंही घेतलं नाही. जीपमधून उतरताना पोराची बॅग स्वतः उचलून माझ्या पायरीवर आणून ठेवली आणि माझ्या नजरेला नजर न देता निघून गेला.

मार्च संपत आला होता. माझे आणि शेजारच्या जयाचे तांदळाचे पापड खळ्यात जुन्या साडीवर वाळत होते, तिसरं ऊन. आमच्या घरापुढचं खळं हे वाडीतलं एकमेव सपाट सारवलेलं खळं. पोरं कबड्डी तिथेच शिकली. जागा अर्ध्याच मैदानाची, म्हणून सगळ्यांनी चढाई करायची ती विहिरीकडून घराकडे. दुसरी बाजूच नाही.

शुक्रवारी सकाळी मी पापड उलटत होते. ओमकार विहिरीवरून बादली घेऊन घराकडे निघाला. सरळ आला असता तर उजवीकडून दहा पावलांत पायरी. पण तो डावीकडे वळला, पेंढ्याच्या उडवीला वळसा घालून, गोठ्यावरून, निम्मं पाणी सांडत पायरीवर पोचला. पापडांच्या साडीला पायही लागला नसता, चांगली हातभर वाट मोकळी होती.

"असा लांबून का रं आलास?" मी विचारलं.

"कसा?" तो म्हणाला. त्याला कळलंही नव्हतं.

मी पापड हातात धरून तशीच बसले. टीव्हीत जे सहा सामने बघितले ते डोळ्यांपुढून जायला लागले. तो मध्य रेषा ओलांडायचा, डावीकडे झेपावायचा. उजवीकडे कधी वळला तर शेवटच्या कोपऱ्याच्या दोन हात अलीकडे त्याचा पाय थबकायचा. समोरचे लोक काही खुळे नाहीत. त्यांनी चार सामन्यांत ओळखलं आणि सगळी पकड डावीकडे लावली.

आता माझं ऐका. खळ्याचा तो उजवा कोपरा दिवसभर उन्हात असतो. दिवाळीनंतर तिथे भात, मग वाल, मग होळीपासून पापड आणि फेण्या. तो कोपरा कधी मोकळा नसतो. आणि त्याची राखण करायला पायरीवर मी, हातात खराटा. ओमकार नऊ वर्षांचा असताना चढाईच्या भरात साडीच्या मधोमध उतरला होता. मी त्याला खराट्याने झोडपला आणि वर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्यानंतर अकरा वर्षं त्याचा पाय त्या कोपऱ्यात पडला नाही. डावीकडून तो विजेसारखा झाला, कारण उजवीकडे आई होती.

गाव संघाला दोष देत होतं, प्रशिक्षकाला देत होतं, पोराला देत होतं. खरं सांगते, मनातल्या मनात मीही पोरालाच देत होते. आणि खराटा माझ्या दाराआड उभा होता.

यांना सांगितलं तर हे हसले. "पापडामुळं? अगं, सरांनी त्याला शंभरदा सांगितलं असेल उजवीकडं जा म्हणून."

"सरांनी सांगितलं असेल. मी कुठं सांगितलंय?"

हे हसायचे थांबले. मग उठले आणि जाऊन चांगोला घेऊन आले. उजव्या कोपऱ्यात चांगो, मध्ये हे, दोघांची वयं मिळून एकशे पंधरा. आधी पापडांची साडी उचलून पायरीवर घेतली. ओमकारने दम धरला, "कबड्डी कबड्डी" करत आला, उजवीकडे वळला आणि थबकला. बरोबर दोन हात अलीकडे. पुन्हा आला, पुन्हा थबकला. चांगो पोट सुटलेला माणूस, हललाही नव्हता.

"जात नाय पाय," ओमकार म्हणाला. तो स्वतःच्या पायाकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघत होता.

मी साडी उचलली आणि परत त्याच कोपऱ्यात पसरली, पापडांसकट. चांगले कडक वाळलेले, पाच किलो तांदळाचे.

"आता तुडव," मी म्हटलं.

"आई, नको गं."

"तुडव म्हणते ना!"

तो आला आणि साडीच्या काठाशी येऊन उभा राहिला. एवढा सहा फुटी गडी, पण चेहरा नऊ वर्षांचा. मला त्याचा राग आला, माझा त्याहून आला. मी पायरी उतरले, लुगडं जरा वर धरलं आणि साडीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. कडाकड वाजलं. मग एक पाऊल इकडे, एक तिकडे. पाच किलोंवरून मी चालले.

जया कुंपणापलीकडून किंचाळली. "इंदूताई! निम्मे माझे हायत!"

"तुला नवीन करून देते गं!" मी ओरडले आणि ओमकारकडे वळले. "बघ. काय झालं? आभाळ पडलं? ये!"

तो हसला. किती दिवसांनी हसला. मग मागे गेला, दम धरला आणि आला तो थेट माझ्याच अंगावर. चांगोला हात लागला, मला धक्का लागला, पापडांचा चुरा उडाला. त्या दिवशी आणि शनिवारी मिळून त्याने किती चढाया केल्या याचा हिशोब नाही. चांगो दर थोड्या वेळाने पायरीवर बसून धापा टाकायचा आणि म्हणायचा, "मी सांगतच होतो, उजवीकडं जा." वाडीतल्या कोंबड्या आठवडाभर पापडाचा चुरा खात होत्या.

शनिवारी रात्री तो संघाकडे परत गेला. रविवारी संध्याकाळी पडवी खचाखच भरली. सामन्यात ओमकार पहिल्यांदा गेला, सवयीने डावीकडेच. रिकामा आला. पुढची चढाई दुसऱ्याची, तीही रिकामी. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर जाणारा बाद. तिसरीला प्रशिक्षकाने ओमकारला पाठवलं. यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

ओमकारने मध्य रेषा ओलांडली. समोरचे डावीकडे सरकून तयार. तो डावीकडे झुकला, मग उजवीकडे वळला. आला, आला, आणि कोपऱ्याच्या बरोबर दोन हात अलीकडे पोचला. त्याचा पाय क्षणभर हवेत राहिला.

"तुडव!" मी उठून ओरडले. टीव्हीला ऐकू जात नाही हे मला कळतं. तरी ओरडले.

"तुडव!" जया ओरडली.

पाय पडला. कोपऱ्यातल्या गड्याच्या खांद्याला हात लागला, मधला आडवा आला त्याच्या पाठीला लागला आणि ओमकार दोघांना बाद करून रेषेपार आला.

"आला काय परत?" यांनी भिंतीला विचारलं.

सगळे नाचत होते. मग मीच यांची खुर्ची धरून टीव्हीकडे फिरवली. त्या सामन्यात ओमकारने चौदा गुण आणले आणि यांनी पुन्हा खुर्ची फिरवली नाही.

संघ तीन गुणांनी हरला. चांगो लगेच म्हणाला, "चढाई झाली, पण पकडीचं काय? एकाला तरी पकडता येतं काय रं?" पडवीने त्याला दुजोरा दिला. आमचं गाव सुखी राहणार नाही, पण त्या दिवशी त्यांच्या चहात साखर घातली, थोडी जास्तच.

सामना संपल्यावर माईक घेतलेल्या मुलीने ओमकारला विचारलं, "आज उजवीकडे एवढा कसा काय खेळलास?"

"तिकडं आईचे पापड वाळत होते," तो घाम पुसत म्हणाला. "परवा तिनं जाऊ दिलं."

ती मुलगी नुसतीच हसली, तिला काय कळणार? पडवीत मात्र सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपबश्या गोळा करायला वाकले. डोळे पुसायला दुसरं निमित्त नव्हतं.

संघाने त्याला पुढच्या वर्षीही ठेवलं. मनोजला दुसरा माणूस मिळाला. मे महिन्यात ओमकार सुट्टीला आला तेव्हा खळ्यात जयाचे कबूल केलेले पापड वाळत होते, आणि मी पायरीवर बसले होते. चांगोची जीप विहिरीपाशी थांबली. माझा चौदा गुणांचा मुलगा बॅग टाकून हसत, दम धरून, सरळ उजव्या कोपऱ्याकडे धावत निघाला.

मी दाराआडून खराटा काढला.

तो हवेतल्या हवेत डावीकडे वळला, पेंढ्याच्या उडवीवरून, गोठ्यावरून पायरीवर आला आणि माझ्या पाया पडला.