डोंगरावरचं जहाज

आकडेताईंनी चहाचा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि टाकाऊ यादी उघडली. समुद्रावरच्या जहाजांकडून दर सहा तासांनी हवेच्या नोंदी यायच्या. त्या आधी यंत्र तपासायचं आणि त्याला न पटलेल्या नोंदी या यादीत फेकून द्यायचं. यादी पाहणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं, पण आकडेताई रोज दुपारी चहाबरोबर ती पाहायच्या, जसं कोणी चहाबरोबर वर्तमानपत्र पाहावं.

आज एकच नोंद होती, आणि ती पाठवणारं जहाज एका डोंगराच्या उतारावर उभं होतं.

"आले आमचे डोंगरवाले," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पेन्सिल शोधू लागल्या.

डोंगरवाले म्हणजे एका जुन्या मालवाहू जहाजावरचे अधिकारी. त्यांचं खरं नाव हवामान कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण नोंदीवर फक्त जहाजाची खूण असायची. माणूस कामाचा चोख होता, एकच खोड सोडून. विषुववृत्त ओलांडून जहाज दक्षिणेला आलं की नोंदीतला एक आकडा बदलायचा असतो, आणि तो बदलायला हे गृहस्थ हमखास विसरायचे. मग त्यांचं जहाज कागदावर विषुववृत्ताच्या तितकंच उत्तरेला जाऊन पडायचं, जिथे शेकडो मैल पाण्याचा थेंब नाही. आठ वर्षं हे चाललं होतं. आठ वर्षं आकडेताई तो आकडा हाताने बदलून जहाज पुन्हा पाण्यात सोडत होत्या. चूक कळवायची म्हटलं तर कंपनीमार्फत लेखी तक्रार करावी लागली असती आणि त्या माणसाला उगाच बोलणी बसली असती. शिवाय जहाजवाले या नोंदी पाठवतात त्या निव्वळ मनाच्या मोठेपणाने, त्याचा एक पैसा त्यांना मिळत नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

त्यांनी आकडा बदलला आणि पुढचे आकडे वाचले. मग कप हातात घेतला, न पिताच परत ठेवला.

उष्ण समुद्रात हवेचा दाब दिवसातून दोनदा घड्याळासारखा वरखाली होतो. एवढं सोडलं तर तो जागचा हलत नाही, म्हणूनच तो हलला की कान टवकारायचे. डोंगरवाल्यांचा दाब कालच्या याच वेळेपेक्षा सहा मिलिबारने उतरला होता. वारा एरवीच्या अगदी उलट, पश्चिमेकडून येत होता. जागा होती किनाऱ्यापासून पूर्वेला तीनशे मैल.

उपग्रहाच्या चित्रात तिथे ढगांचे चार पुंजके दिसत होते, रोज दिसतात तसे. यंत्राचं म्हणणं होतं की लाटा एक मीटर, वारा मंद. आसपास दुसरं एकही जहाज नव्हतं. आणि बंदरात एक्केचाळीस होड्या बर्फ भरून तयार होत्या, पहाटे निघायला. त्यातली एक आकडेताईंच्या थोरल्या भावाची, दादांची होती.

आकडेताईंनी पुढे केलेला इशाऱ्याचा कागद कचेरीच्या साहेबांनी दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, पण दुधाने तोंड पोळलेला होता. महिन्यापूर्वी याच कचेरीने वादळाचा इशारा दिला, दोन दिवस होड्या बांधून राहिल्या आणि दोन्ही दिवस लख्ख ऊन पडलं. त्यावर दादांनी धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्या बहिणीच्या वादळात कपडे फार छान वाळतात. ते वाक्य गावभर झालं, साहेबांच्या घरीसुद्धा पोचलं.

"शितावरून भाताची परीक्षा मान्य," साहेब म्हणाले. "पण इथे शीतच एक आहे. आणि तेही डोंगरावरचं."

"आठ वर्षांत यांचा दाब एकदाही चुकलेला नाही, साहेब. चुकतो तो फक्त पत्ता."

"आणि परत ऊन पडलं तर?"

"तर कपडे वाळतील."

साहेबांना हसू आलं नाही, पण सही मात्र त्यांनी केली.

पाच वाजता आकडेताईंनी स्वतः बिनतारीवर इशारा वाचला. नेहमीसारखा सावकाश आणि दोनदा. वाचताना आवाज स्थिर होता, कागद मात्र त्यांनी टेबलावर दाबून धरला होता. अर्ध्या तासाने दादांचा फोन आला. आता दादा टोमणा मारणार, म्हणून त्यांनी मन घट्ट केलं.

"यंत्र म्हणतंय की तू?" दादांनी विचारलं.

"मी."

दादांनी फोन ठेवला. पुढचं आकडेताईंना नंतर लोकांकडून कळलं. दादांनी आपल्या होडीला दुसरा दोर घातला, मग तिसरा. दुसऱ्यांदा थट्टा करतील म्हणून सगळे वाट बघत होते, पण त्यांनी बर्फसुद्धा उतरवायला घेतला. ते पाहून शेजारच्यानेही जादा दोर बाहेर काढले, मग त्याच्या शेजारच्याने.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन होतं. आकडेताईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. खिडकीतून दिसणारं निळंशार पाणी त्यांना वेडावून दाखवत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या वादळाची वाट पाहत होत्या, याची त्यांना शरम वाटत होती. तीनच्या सुमारास पूर्वेचा रंग बदलला. पाचला धक्क्यावरचे पत्रे उडायला लागले. होड्या जिथे जाळी टाकणार होत्या तिथे त्या संध्याकाळी नऊ मीटरच्या लाटा होत्या, हे पुढे मोजमापांतून कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच, की अठरा तासांनी फोन लागला आणि दादांचा बसलेला आवाज आला.

"सगळे घरी आहेत."

आकडेताईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून मनसोक्त रडून घेतलं. साहेब बाहेर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

चार दिवसांनी दादा कचेरीत आले. या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे चपला कुठे काढायच्या इथपासून त्यांचा गोंधळ होता. हातात एक मोठा कागद होता, त्यावर एकशे त्र्याण्णव नावं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची नावं बायकांनी नाहीतर मुलींनी लिहिली होती. हे तुझ्यासाठी, असं म्हणून त्यांनी तो बहिणीच्या टेबलावर ठेवला. आकडेताईंनी नकाशा उलगडला आणि डोंगरावरच्या जहाजाची सगळी हकीकत त्यांना सांगितली. दादा ऐकत राहिले.

"मग त्यांना कळवलंस का?"

"काय कळवू?"

"हेच, की ते आहेत म्हणून आम्ही आहोत. आठ वर्षं त्यांची चूक दुरुस्त करतेस, आणि एकदाही नमस्कार-चमत्कार नाही?"

थोरल्या भावाचं बोलणं कधी कधी इतकं खरं असतं की राग येतो.

त्या संध्याकाळी त्यांनी पत्र लिहिलं. आभार मानायचे म्हटले तर चूकही सांगावी लागणार होती, कारण त्याशिवाय गोष्टच पुरी होईना. त्यांनी दोन्ही लिहिलं, आधी आभार, मग तो आकडा. सोबत नावांचा कागद घातला आणि पाकीट जहाजाच्या पुढच्या बंदरी पाठवलं.

उत्तर यायला सात आठवडे लागले. अक्षर नोंदीतल्या आकड्यांसारखंच सरळ होतं.

"ताई, आपलं पत्र वाचून आधी लाज वाटली, मग हसू आलं. एकवीस वर्षं या नोंदी पाठवतो आहे. विहिरीत खडा टाकावा तशा टाकत होतो. तळाशी कोणी बसून त्या वाचत असेल, असं कधी मनातसुद्धा आलं नाही. नावांचा कागद वायुभारमापकाशेजारी लावला आहे. रोज दाब वाचताना पाच-सहा नावं वाचतो. आभार खरं तर मीच मानायला हवेत."

त्यानंतर डोंगरवाल्यांचा आकडा कधी चुकला नाही. त्यांच्या नोंदी यंत्राला पटू लागल्या आणि टाकाऊ यादीकडे न फिरकता थेट नकाशावर जाऊन बसू लागल्या. आकडेताईंना आनंद झाला, आणि दुपारचा चहा थोडा बेचव लागू लागला. दोन वर्षांनी त्या नोंदीही थांबल्या. चौकशी केली तेव्हा समजलं की जहाज भंगारात निघालं. माणसांचं काय झालं, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

मग एका दुपारी टपालाने एक पाकीट आलं. आत जहाजांवर नोंदी भरायचा छापील फॉर्म होता. जहाजाच्या नावाचा रकाना कोरा होता. लाटांचा रकाना कोरा होता. बाकी सगळे आकडे जिथल्या तिथे होते, सरळ, ओळखीच्या अक्षरात.

आकडेताईंनी जागा नकाशावर पाहिली. डोंगर. जुन्या सवयीने त्यांची पेन्सिल त्या एका आकड्याकडे गेली आणि त्यांनी तो बदललाही. जहाज भर समुद्रात आलं. मग त्यांनी दाब वाचला, परत एकदा वाचला. नऊशे बेचाळीस. समुद्रावर एवढा कमी दाब म्हणजे भयंकर वादळाचा गाभा, त्यातून कोण वाचतं? पण वारा मंद लिहिला होता. आकाश निरभ्र. दूरवरचं स्पष्ट दिसतं.

त्या थांबल्या. उंच चढत गेलं की दर अठ्ठावीस फुटांना दाब एकाने उतरतो, हे त्या नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायच्या. समुद्रसपाटीला दाब साधारण एक हजार तेरा, म्हणजे एकाहत्तरचा फरक; त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला. दोन हजार फूट, थोडेसे कमी. नकाशात त्या डोंगराची उंची पाहिली. तेवढीच होती.

आकडेताईंनी खोडरबर घेतला, आपण बदललेला आकडा पुसला आणि डोंगरवाल्यांचा मूळ आकडा परत जागेवर लिहिला. नोंद त्यांनी यंत्राला दाखवली नाही. ती वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घेतली, दाब, वारा, आकाश, सगळं क्रमाने. शेऱ्याचा रकाना तेवढा उरला होता. तिथे त्यांनी लिहिलं, "घरी आहेत", आणि चहा घ्यायला उठल्या.