सांतोसचे कंद

हरेश कोयता घेऊन जिना चढत होता, तेव्हा त्याची वहिनी सुचिता गच्चीवर एका फुलापुढे बारीक ब्रश घेऊन बसली होती.

या फुलाची तिनं चार वर्षं वाट पाहिली होती. तिचा नवरा मोरेश्वर मालवाहू जहाजावर होता. ब्राझीलच्या सांतोस बंदरातून त्यानं एकदा पायमोज्यात गुंडाळून दोन कंद आणले. कांद्याएवढे, कांद्यासारख्याच तपकिरी सालींचे. त्यांना हिरवट पांढरी फुलं आली, वर गडद तांबड्या रेघा, पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखी. पुढच्याच फेरीत मोरेश्वर जहाजाच्या मालाच्या खोल खणात पडला आणि घरी पेटीतून आला.

ते वर्ष सरल्यावर सुचितानं सारसोळ्यातल्या आपल्या अंगणातली साधी लाल लिली धरली. तिचे परागकोश फुटायच्या आत चिमट्यानं खुडून टाकले आणि सांतोसच्या फुलाचे पिवळे पराग तिला लावले. बोंड फुगलं, तडकलं. आत जळलेल्या कागदाच्या कपट्यांसारख्या काळ्या बिया. त्या पाण्यावर तरंगत ठेवून तिनं रुजवल्या. शाळेतली क्लार्कची नोकरी सांभाळून गच्चीभर कुंड्या वाढवल्या. आणि आज त्यातलं पहिलं फूल उमललं होतं. लाल, पण घशाशी हिरवं, आणि कडेपर्यंत पांढऱ्या रेघा गेलेल्या. आईसारखंही नाही, बापासारखंही नाही. त्याचे पराग पुन्हा सांतोसच्या फुलावर घालायचे म्हणून ती ते काडेपेटीत झाडून घेत होती.

शाळेतून आली तेव्हा खाली घर रिकामं होतं. कुणाच्या तरी हळदीला गेले असतील, असं समजून ती थेट वर आली होती.

दार लाथेनं उघडलं. सुचिता वळेपर्यंत हरेशनं तिचे केस मुठीत धरले होते.

"काय घातलंस जेवनात? बोल!"

"हरेश, सोड! कसलं जेवन?"

त्यानं कोयत्याची मूठ तिच्या गालफडावर हाणली. दात ओठात रुतला. तोंडात रक्ताची खारट चव आली.

"उत्कर्षा आयसीयूत हाय. सकाळपासून ओकतेय, हातपाय गार पडलेत तिचे. मी दोन घास खाल्लं तर मला पन उलटी झाली. वयनी, तू इख घातलंस आमाला!"

उत्कर्षा त्याची बायको, तीन महिन्यांची पोटुशी. ओकारीचं ऐकलं आणि सुचिताला पडवीतली टोपली आठवली. लाल लिलीचे फुलून गेलेले मोठे कंद तिनं मातीतून काढून सुकायला स्वयंपाकघराच्या पडवीत टोपलीत ठेवले होते. शेजारीच कांद्याची टोपली होती.

"जवळा केलेला का?" तिनं विचारलं. "त्यात कांदा कोनी चिरला? हरेश, ऐक, तो लिलीचा कंद असंल. डाक्टरला फोन कर, लिलीचा कंद पोटात गेला म्हनून सांग, म्हंजे ते बरोबर…"

"म्हंजे तुला म्हायती हाय!"

आपण काय बोलून बसलो ते तिला बोलल्यावर कळलं. आठवड्यापूर्वी याच गच्चीवर दोघांचं भांडण झालं होतं. हरेशला घरावर दोन मजले चढवायचे होते, घरात मोरेश्वरचा हिस्सा होता आणि सुचिता सही करत नव्हती. तुझ्या कुंड्या खाडीत फेकतो, असं तो म्हणाला, तेव्हा तीही चवताळून ओरडली होती, "हात लावून बघ. इखारी हायत ते. मरशील!"

आता तो हात लावत होता. पहिल्या वारात फुलाची दांडी तुटली. दुसऱ्या वारात कुंडी फुटली आणि कोवळा कंद उभा चिरला गेला. मग तो रांगेनं सुटला. प्लास्टिकच्या कुंड्या लाथेनं, मातीच्या कोयत्यानं. पांढऱ्या पाकळ्या, माती, मुळं, चिकट रस, सगळ्याचा चिखल झाला. सुचिता दाराकडे धावली असती तर कदाचित सुटली असती. ती धावली नाही. तिनं खाली पडलेलं खुरपं उचललं आणि त्याच्या दंडात खुपसलं.

हरेश गुरासारखा ओरडला. त्यानं डाव्या हातानं कुंडी उचलून फेकली. ती अडवायला सुचितानं हात वर केला आणि मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात त्यानं तिला मानेला धरून फरफटत कठड्याशी नेलं आणि तिचं अंग अर्ध्यावर बाहेर लोटलं. खाली गल्लीतून बायका किंचाळल्या. तिला उलटं आभाळ दिसलं, मग त्याचा चेहरा, मग वर उचललेला कोयता.

"मी चिरला रं! मी चिरला!"

पुतळा, हरेशची आई, हॉस्पिटलातून त्याच्या मागोमाग येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. भिंत चाचपत ती वर आली होती. "कांदा म्हनून मीच चिरला. मला कुठं दिसतंय? हिला सोड, मेल्या, हिचा काय गुन्हा?"

"आये, तू मदी येऊ नको!"

ती आवाजाच्या अंदाजानं आली आणि त्याच्या उजव्या हाताला लोंबकळली. कोयता तोवर खाली सुटला होता.

पुतळाची दोन बोटं कठड्यावर राहिली.

सगळं थांबलं. हरेशच्या हातून कोयता पडला, सुचिताच्या मानेवरची पकड सुटली आणि ती आत घसरली. म्हातारी ओरडली नाही. हात पोटाशी धरून ती चिखलात बसली आणि म्हणाली, "आता तरी बसलास का गार?" सुचितानं चांगल्या हातानं ओढणी काढून तिच्या पंजाला गुंडाळली, दातानं गाठ मारली. हरेश बघत उभा होता. शेजारचे लोक वर आले तरी तो तसाच उभा होता.

त्या संध्याकाळी नेरूळच्या हॉस्पिटलात घरातल्या तिघी एकाच वॉर्डात होत्या. उत्कर्षा वाचली. पोटातलं मूलही राहिलं. डॉक्टर म्हणाले, कंद थोडाच गेला होता, आणि ओकारीनं बराचसा निघून गेला.

पोलीस जबाब घ्यायला आले. पुतळा सुचिताच्या कानाशी पुटपुटली, "पोरी, घसरून पडलो म्हन. एकच राहिलाय मला."

सुचितानं तिच्या बँडेज बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "नाय आये. हे मी नाय म्हननार." आणि तिनं सगळं सांगितलं. खुरप्याचंही सांगितलं. कंद कांद्याशेजारी ठेवले, तेही.

इन्स्पेक्टर उत्कर्षाकडे वळले. हरेशची बायको, ती काय बोलणार, असं सगळ्यांना वाटलं.

"डाक्टर यांना इचारत होते, हिनं काय खाल्लं," ती म्हणाली. "यांनी सांगितलं नाय. थांबलेच नाय. मी बादलीत तोंड घालून ओकत होते, आनि हे कोयता शोधायला घरी गेले. लिहा साहेब. असंच लिहा."

हरेशला त्याच रात्री उचललं.

पुढे उत्कर्षा माहेरी तुर्भ्याला गेली. सारसोळ्यात पुतळा आणि सुचिता राहिल्या. दोघी एका ताटात जेवत, फारसं बोलत नसत. म्हातारी डाव्या हातानं जेवायला शिकली. मुलाला जामीन कधी मिळेल, हे ती रोज विचारी, आणि सुचिता माहीत असेल तेवढं सांगे.

एका रविवारी सुचिता प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून गच्चीवर गेली. चिखल वाळून पापुद्रे धरले होते. तिनं एका हातानं उकरायला घेतलं. बरेच कंद कुजले होते, फुललेला तर पार गेला होता. टाकीमागे लवंडलेल्या कुंड्यांत मात्र बोटाएवढी रोपं अजून हिरवी होती. त्यांना कधी फूल येईल, ते कसलं असेल, काही सांगता येत नव्हतं.

मागून पुतळा आली, पायरीवर टेकली.

"सुटला की तो हितंच येल," ती म्हणाली.

"म्हायती हाय."

"तू जाशील का मग?"

सुचितानं कुंडी सरळ केली आणि कोपरानं माती दाबली. "नाय," ती म्हणाली. "दाराला आतून लोखंडी आडणा लावून घेतलाय. तू इकडं सर आये, तितं ऊन हाय."