ठाण्याला तीट

आमच्या दफ्तरदार गल्लीत पोलिसांविषयी कुणाचंही वाईट मत नव्हतं. मत बाळगणं आम्ही होळकर सरकारच्या नोकरीतच सोडून दिलं होतं. सराफ्याच्या मागे, राजवाड्यापासून चालत सात मिनिटांवर आमची एकतीस घरं. बहुतेक घरांत एक तरी माणूस संस्थानच्या कुठल्यातरी कचेरीत कागद लिहून म्हातारा झालेला, नाहीतर व्हायच्या बेतात. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला राहू लागली, पण आमची सवय काही गेली नाही. कागद आला की भरायचा, आणि रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे फडताळात उघडं राहिलेलं दूध. कुणीतरी तोंड घालणारच.

ठाणेदार होते उदयसिंह. माणूस दिलदार. लोकांच्या वस्तू आपल्या मानायचे. कृष्णरावांची सायकल चोरीला गेली, ती त्यांनी दोन दिवसांत शोधून काढली आणि पुरावा म्हणून ठाण्यात जमा केली. चोर सुटला, देपालपुरला जाऊन कांद्याचा धंदा करू लागला, पुरावा मात्र सुटला नाही. रोज सकाळी ठाणेदारांचा अर्दली त्याच सायकलवरून कचोऱ्या आणायला जायचा आणि कृष्णराव बाजूला सरून नमस्कार करायचे.

"काय हो भिया, अर्दलीला नमस्कार?" कुणी विचारलं तर म्हणायचे, "सायकलला करतो. वर बसलेल्याला आपोआप पोचतो."

लीलाबाईंचा तांब्याचा बंब गेला तेव्हा त्या ठाण्यात तक्रार घेऊन गेल्या. अंगणात बंब पेटलेला होता, ठाणेदार आंघोळीला निघाले होते. लीलाबाई तक्रार न देताच परतल्या. "धूर माझ्याच बंबाचा होता," त्या शेजारच्या शशिकलाबाईंना म्हणाल्या, "पण पाणी छान तापत होतं हो, खोटं कशाला बोलू."

आणि बाळकृष्ण शिंपी. कोटाचं माप घेताना तो ठाणेदारांना एवढंच म्हणाला, "हुजूर, जरा सीधे खडे रहिए." त्यानंतर आठ दिवस बाळकृष्णाला स्वतःला सरळ उभं राहता येत नव्हतं.

तर असं हे ठाणं. आणि त्यात तुकोजी वाघमोडे.

नाव महाराजांचं, हुद्दा शिपायाचा. बाप-आजा होळकरांच्या फौजेत. हाही होता, फौज मोडली तेव्हा पोलिसात घेतला, पण कच्चा, हंगामी म्हणून. अंगठा उठवायचा, वाचता येत नव्हतं. गल्लीत त्याची गस्त दुपारची. चार वर्षं लाठी बाळगून त्याने ती कुणाच्या अंगावर उगारलेली आम्ही पाहिली नाही. त्या लाठीने तो दर साली लीलाबाईंच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा पाडून द्यायचा. शशिकलाबाईंची बेबी शाळेत जाताना सांडांना भ्यायची, तर हा तिला बोट धरून शाळेच्या दारापर्यंत पोचवायचा. दत्तोपंतांची आई ऐन वैशाखात गेली, खांदा द्यायला माणसं कमी पडली, तेव्हा गणवेशावरच याने खांदा दिला, लाकडंही वाहिली. आम्ही त्याला 'अरे तुकोजी' म्हणायचो, तो आम्हाला 'साहेब' म्हणायचा, आणि दोन्ही बाजूंना ते रास्त वाटायचं.

बावन्न सालच्या फाल्गुनात तो घरोघर कागद वाटत आला. 'नागरिकों का अपनी पुलिस के विषय में मत.' सरकार नवं होतं, त्याला लोकांना काय वाटतं हे जाणून घ्यायची हौस होती. घरटी एक कागद, खाली सही, आणि तो ठाण्याच्याच शिपायाकडे परत द्यायचा.

"जल्दी नाही साहेब," तुकोजी दत्तोपंतांना म्हणाला. "पण नीट भरा. जुन्या फौजवाल्यांना ठेवायचं की काढायचं, ते याच्यावरनं ठरणार म्हणे. यंदा पक्का झालो तर पोलीस लाइनीतली खोली राहील. लक्ष्मीचं लग्न त्या खोलीवर जमलंय, मुलाकडच्यांनी खोली बघून हो म्हटलंय."

"अरे, काळजी कशाला करतोस?" दत्तोपंत म्हणाले. "अपन आहोत ना."

रविवारी दुपारी दत्तोपंतांच्या ओसरीवर गल्ली जमली. दत्तोपंत हुजूर कचेरीत तीस वर्षं मसुदे लिहून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"पाचवा रकाना, ठाणेदारांचं वर्तन. यात 'उत्तम' लिहा."

"'अत्युत्तम' लिहू का?" कृष्णरावांनी विचारलं.

"सायकल हवी असेल तर लिहा. आता सहावा. 'त्रुटियाँ, तथा संबंधित कर्मचारी का नाम.' हा अवघड आहे."

"रिकामा सोडू," शशिकलाबाई म्हणाल्या. त्या शाळामास्तरीण, कचेरीत कधी नव्हत्या.

ओसरीवर सगळे त्यांच्याकडे असे पाहायला लागले, जणू त्यांनी पंगतीत पान उलटं मांडलं होतं.

"बाई," दत्तोपंत समजावून म्हणाले, "एकतीस कागदांवर नुसतीच स्तुती दिसली तर ग्वाल्हेरवाला साहेब काय म्हणेल? ठाणेदाराने धाकाने लिहवून घेतलंय म्हणेल. चौकशी लागेल. मग चौकशी कुणी लावली म्हणून ठाणेदार आपल्याकडे येईल. पोर गोंडस असलं तर काय करतो आपण? गालावर तीट लावतो. एवढीशी. म्हणजे बाकीचा चेहरा खरा वाटतो."

"मग तीट कुणाची लावायची?"

अर्दलीचं नाव लिहिलं तर अर्दली होता. हवालदाराचं लिहिलं तर हवालदार होता. ठाण्यात ज्याचं नाव लिहिलं असता लिहिणाऱ्याला काहीच झालं नसतं असा एकच माणूस होता, आणि तो आत्ता समोरच्या वडाखाली बसून आमचे कागद तयार व्हायची वाट बघत होता.

"पण त्याचं पक्कं व्हायचंय," लीलाबाई हळूच म्हणाल्या.

"होईल की. इतक्या चांगल्या माणसाचं एका बारीकशा तक्रारीने काय बिघडतं? ताकीद मिळेल फार तर. उलट नाव साहेबांच्या नजरेखालून जाईल." दत्तोपंत थांबले. "मात्र एक करा. सगळ्यांनी एकच तक्रार लिहू नका. कट वाटेल. आणि खोटं तर मुळीच लिहू नका. खाली सही आहे."

हीच अडचण झाली. खरं लिहायचं, तर तुकोजीबद्दल आम्हाला जे ठाऊक होतं तेच लिहावं लागणार. लीलाबाईंनी लिहिलं, सरकारी लाठीचा उपयोग खाजगी भाजीकरिता करतो. शशिकलाबाईंनी दोन दिवस कागद तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी ठाणेदारांचा अर्दली सायकलवरून शाळेपुढून गेला, तेव्हा त्यांनी लिहिलं, गस्त सोडून मुलीस शाळेत पोचविण्यास जातो. दत्तोपंतांनी वळणदार अक्षरात लिहिलं, गणवेशावर प्रेतवाहन करून पोशाखाची अप्रतिष्ठा केली. बाळकृष्णाला तुकोजीने ठाण्यातून पाठुंगळी घरी आणलं होतं; बाळकृष्णाने लिहवून घेतलं, शिंप्यास पाठीवर घेऊन विनापरवाना ठाण्याबाहेर गेला. मीही लिहिलं. काय लिहिलं ते सांगत नाही. तेही खरंच होतं.

तुकोजी कागद गोळा करायला आला. सहावा रकाना गच्च भरलेला पाहून त्याला भरून आलं. "केवढं लिहिलंत साहेब. ठाण्यात हवालदार म्हणत होता, दोन ओळींच्या वर कुणी लिहायचं नाही." शशिकलाबाईंच्या दारात त्याने विचारलं, "काय लिहिलंत ताई?"

"जे खरं ते," शशिकलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

लीलाबाईंनी त्याला वाटीभर शिरा दिला. त्याने एकतीस कागद मोजले, पागोट्याच्या जुन्या फडक्यात बांधले, आणि कोपरे दुमडू नयेत म्हणून छातीशी धरून ठाण्यात नेले.

वैशाखात राजधानी इंदूरला आली आणि तिच्याबरोबर ग्वाल्हेरचे एक साहेब आले. ठाण्याच्या अंगणात टेबल मांडलं. आम्हा सगळ्यांना साक्षीला बोलावणं होतं. ठाणेदार एका बाजूला बसले होते. लीलाबाईंचा बंब घासूनपुसून त्यात पिण्याचं पाणी भरलं होतं. साक्षीदारांनी घ्यावं म्हणून. तुकोजी नवा गणवेश घालून समोर उभा.

साहेबांनी कागद उचलला. "तुकोजी वल्द हैबतराव. सरकारी लाठी से सहजन की फलियाँ तोडते हो?"

"जी हुजूर," तुकोजी म्हणाला. "हर साल."

"बच्ची को स्कूल पहुँचाते हो? ड्यूटी के वक्त?"

"जी हुजूर. रोज."

साहेब वाचत गेले. एकेक कागद, एकेक काम. वर्दीत खांदा दिला? जी. शिंप्याला पाठीवर नेलं? जी. पाचसहा कागदांनंतर तुकोजीच्या चेहऱ्यावर जे पसरायला लागलं, ते पाहून माझ्या शेजारी बसलेले कृष्णराव बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधू लागले. तुकोजीला वाटत होतं, आम्ही त्याचे गुण लिहून दिलेत. चार वर्षांत त्याने केलेलं काहीही गल्ली विसरली नव्हती, आणि आता मोठा साहेब ते भर अंगणात वाचून दाखवत होता. तो प्रत्येक 'जी'ला थोडा आणखी ताठ होत होता.

प्रत्येक कागदानंतर साहेब आम्हाला विचारायचे, "सच है?" आणि ज्याचा कागद तो उठून म्हणायचा, "सच है." शशिकलाबाई उठल्या तेव्हा त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. साहेबांनी 'सच है' असं लिहून घेतलं.

एकतिसावा संपला. साहेबांनी टाक खाली ठेवला.

"हुजूर," तुकोजी म्हणाला, "एक रह गई."

"क्या?"

"गल्ली के कुएँ में दत्तोपंत साहब की बछिया गिरी थी. मैं पहरा छोडके उतरा. आधा दिन लगा." मग आमच्याकडे वळून त्याने मराठीत म्हटलं, "तुम्ही ती कालवड विसरलात साहेब. असू द्या, इतकं लिहायचं म्हणजे राहतंच एखादं."

दत्तोपंतांनी मान खाली घातली. उपरण्याच्या टोकाने ते चष्मा पुसत होते, आणि चष्मा खिशात होता. साहेबांनी टाक पुन्हा उचलला आणि खाली बत्तिसावी ओळ लिहिली, त्यापुढे कंसात 'स्वयं स्वीकार किया'. ठाणेदार उदयसिंहांनी साक्षीदारांसाठी बर्फी मागवली होती. ती आम्ही खाल्ली. तुकोजीनेही खाल्ली.

हुकूम ज्येष्ठात आला. तुकोजी तो घेऊन दत्तोपंतांच्याच ओसरीवर आला. मसुदा वाचायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी नव्हतं. दत्तोपंतांनी तो मोठ्याने वाचला. बत्तीस कारणं, बडतर्फ, खोली पंधरा दिवसांत रिकामी.

तुकोजीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्याने विचारलं, "हे बत्तीस म्हणजे तेच का साहेब? त्या दिवशी वाचले ते?"

"तेच."

"म्हणजे एकतीस तुमचे. आणि एक माझं."

"अरे, हेतू वाईट नव्हता कुणाचा. खोटं तर एक अक्षर नाही लिहिलेलं."

"नाही, नाही," तुकोजी म्हणाला. "खोटं काही नाही."

त्याने कागद घडी करून घेतला. खोली गेली. मुलाकडच्यांनी खोली नाही म्हटल्यावर नाही म्हटलं; लक्ष्मी घरीच राहिली. उदयसिंहांना उत्तम वर्तनाचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि त्याची चौकट लीलाबाईंच्या बंबावरच्या भिंतीला लागली. तुकोजीच्या जागी नवा शिपाई आला. त्याची लाठी सरकारी कामालाच लागायची. पहिल्याच आठवड्यात कृष्णरावांनी सायकलला नमस्कार करायला उशीर केला, तेव्हा ती लागली.

पुढल्या फाल्गुनात तोच कागद पुन्हा आला. नव्या शिपायाला वाचता येत होतं, आणि तो दारातच उभा राहून वाचून घ्यायचा. सहाव्या रकान्यात नाव हवंच होतं. ओसरीवर फार वेळ चर्चा झाली नाही. आम्ही एकमताने तुकोजीचंच लिहिलं, मागे 'माजी' लावून. या वेळी वाक्यंही तीच ठेवली, नवी शोधायला नवं काही घडलेलंच नव्हतं.

तुकोजी तोवर एका मिलच्या फाटकावर चौकीदार झाला होता. ठाण्याचा कागद तिथे पोचायला महिना लागला.

मिलमधून काढल्यावर एकदा दुपारी तो गल्लीतून जाताना दिसला. शेवगा लगडला होता. वर्षभर कुणी पाडून दिला नव्हता, गेल्या वर्षीच्या शेंगा झाडावरच वाळून काळ्या पडल्या होत्या. लीलाबाईंना राहवलं नाही. "तुकोजी, चार शेंगा पाडून देतोस का रे?"

तो थांबला. त्याच्या हातात काही नव्हतं. लीलाबाईंनी कपडे वाळत घालायची काठी आणून दिली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ही सरकारी नाही ना, बाई?"

"नाही रे. घरचीच."

त्याने शेंगा पाडल्या, जुडी बांधून पायरीवर ठेवली, काठी भिंतीला टेकवली आणि निघून गेला. एकतीस घरांच्या खिडक्यांतून आम्ही पाहत होतो. दत्तोपंत म्हणाले, "अंगावर गणवेश नव्हता. लिहिण्यासारखं काही नाही."