सत्तावीस मिनिटं

"अंश कळले. आता मिनिटं सांग, मिनिटं!" ताई फोनमध्ये ओरडल्या.

"सत्तावीस! ताई, सत्तावीस मिनिटं!" पलीकडून वार्ताहर तेवढ्याच जोरात ओरडला. त्याच्या मागे कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. मग फोन तुटला.

ताईंच्या खुर्चीमागे साहेब उभे होते. "झालं का? बाकीच्या चॅनेलांचे नकाशे कधीच सुरू झालेत. आपणच मागे."

सकाळचे दहा वाजून गेले होते. डोंगराचा कडा कोसळून एक वस्ती गाडली गेली होती. नदीकाठी एकाच नावाच्या दोन वस्त्या होत्या, एक वरची आणि एक खालची, मध्ये वीस किलोमीटरचं अंतर. बातमीत नुसतंच नाव येत होतं. कोणती वस्ती, ते नकाशावरूनच कळणार होतं.

हे काम ताई अकरा वर्षं करत होत्या. त्याआधी त्या इथेच स्वागतकक्षात बसायच्या. चाळिशीला आल्यावर नकाशांचं सॉफ्टवेअर शिकल्या, तेव्हा सगळ्यांनी चेष्टा केली होती. दोन चौकटींत अक्षांश आणि रेखांशाचे दोन आकडे भरायचे, की पडद्यावर पृथ्वी फिरायची, ढगांतून खाली झेप घेतल्यासारखी जमीन जवळ यायची आणि नेमक्या जागी लाल ठिपका धडधडायला लागायचा. ठिपक्याची ती धडधड ताईंनीच बसवली होती. सगळ्यांना आवडली होती.

सॉफ्टवेअरला आकडे दशांशात लागत. एका अंशाची साठ मिनिटं, म्हणून मिनिटांना साठानं भागायचं. सत्तावीस मिनिटं म्हणजे पॉइंट पंचेचाळीस. ताई हे दरवेळी जुन्या कागदाच्या पाठीवर करून बघत. तोंडी करता येत असूनही.

त्या दिवशी अक्षांशाच्या चौकटीत त्यांनी सरळ पॉइंट सत्तावीस टाईप केलं.

पृथ्वी फिरली, जमीन जवळ आली, आणि ठिपका वरच्या वस्तीशेजारी जाऊन धडधडू लागला. साहेब म्हणाले, "मस्त. सोडा ऑन एअर."

चाळीस मिनिटांनी वार्ताहराचा फोन लागला. "ताई, अहो ठिपका कुठे टाकलाय? मी खालच्या वस्तीत उभा आहे, चिखलात!"

आकडा दुरुस्त करायला त्यांना काही सेकंदच लागले. पण "आधी चुकीची जागा दाखवली, हे पडद्यावर सांगायला हवं," असं त्या म्हणाल्या तेव्हा साहेबांनी हात झटकला. "कुणाच्या लक्षातही आलं नसेल. आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा?"

तीन आठवड्यांनी ऑपरेटरनं एक फोन नकाशा विभागाला जोडून दिला. बाईचा आवाज होता, शांत.

"कडा कोसळला त्या दिवशी पहिला नकाशा कोणी केला होता?"

साहेब शेजारच्याच टेबलाशी होते. त्यांनी ऐकलं आणि ओठांनीच खूण केली, तांत्रिक बिघाड म्हणा.

"मी," ताई म्हणाल्या. "माझी चूक झाली होती."

मग, "बरं. एवढंच विचारायचं होतं," आणि फोन ठेवल्याचा आवाज.

"तुम्हाला काय गरज होती हो?" साहेब संतापले. "उद्या कोर्टात खेचलं तर?"

"साहेब, तिनं विचारलं. मी नाही कसं म्हणू?"

संध्याकाळी जेवताना ताईंनी घरी हे सांगितलं. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू मुद्दाम केलंस का?"

"नाही."

"मग झालं तर."

"झालं कसं? तिला काय झालंय ते तरी कळायला नको?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरच्या वहीतून नंबर घेऊन ताईंनी फोन केला. "मी आले तर चालेल का?" बाई म्हणाली, "दुकानात या. घरी नको."

ते कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दोन शिलाई यंत्रं, भिंतीवर टांगलेल्या पँटी, कोपऱ्यात उंचावर लहानसा टीव्ही. बाई पस्तिशीची असेल. समोर बसायला स्टूल देऊन ती हातातली शिलाई न थांबवता बोलायला लागली.

"खालच्या वस्तीत माझे वडील राहायचे. एकटेच. सकाळी त्या टीव्हीवर बातमी आली. फोन लागत नव्हता. सारखा लावत होते. आणि मग तुमचा ठिपका आला, वरच्या वस्तीवर." तिनं दोरा दातानं तोडला. "मी हसले. खरंच हसले हो. शेजारणीला म्हटलं, सुटलो गं बाई, वरची आहे. वर मेलेल्यांचं मला त्या क्षणी काहीसुद्धा वाटलं नाही. मग टीव्ही बंद केला आणि कामाला लागले. ग्राहक बसला होता."

ताई मान खाली घालून ऐकत होत्या.

"अकराला त्यांना जिवंत काढून मोठ्या हॉस्पिटलात आणलं. इथून चालत दहा मिनिटं. पावणेएकला गेले. मला दोन वाजता चुलतभावानं सांगितलं. नर्स म्हणाली, दोनदा विचारत होते, आली का म्हणून."

यंत्र थांबलं.

"कसं चुकलं ते सांगा मला," ती म्हणाली. "कागदावर दाखवा."

ताईंनी पिशवीतून कागद काढला. अंश लिहिले, मिनिटं लिहिली, साठानं भागून दाखवलं. बाईनं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"म्हणजे इंचाचं माप सेंटिमीटर समजून कापड कापलं, तसं."

"हो. तसंच."

"माझ्याकडूनही झालंय एकदा. एका मुलाचा लग्नाचा कोट होता." ती कागदाकडेच बघत होती. "पण कापड दुसरं मिळतं."

ताईंनी माफी मागायचं ठरवलं होतं. वाक्य येताना पाठ केलं होतं. ते न म्हणता त्या पेनाला टोपण लावत बसल्या. बाईनंच विचारलं, "आकड्यांवरून कुठलीही जागा सापडते का? आता तिथे काही नसलं तरी?"

"सापडते."

"तिथे सगळा सपाट चिखल झालाय. वाळला आता. घर कुठे होतं तेच कळत नाही मला. तीनदा जाऊन आले. लहानपणापासूनचं घर, आणि मला सापडत नाही."

ताईंनी ऑफिसात जाऊन त्या वस्तीचं जुनं उपग्रह-चित्र काढलं आणि बाईला बोलावून दाखवलं. तिनं पडद्यावर एका पत्र्याच्या छपरावर बोट ठेवलं. "हे. हे न्हाणीघर, आणि हे दार. दार नदीकडे." ताईंनी दाराचे आकडे दोन्ही प्रकारांनी लिहून घेतले, भागाकार तीनदा केला. साहेब काचेपलीकडून बघत होते. चूक मान्य करणारं लेखी पत्र ताईंनी सकाळीच त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यापासून साहेबांनी ताईंना नकाशांवरून काढून पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी टाईप करायला बसवलं. त्यांनी वाद घातला नाही.

रविवारी दोघी बसनं गेल्या. खालच्या वस्तीच्या जागी एक मोठं तपकिरी मैदान होतं, त्यावर जागोजागी दगड आणि वाकलेले पत्रे. ताई मोबाइल हातात धरून पुढे, बाई मागे. मोबाइलवर पावलागणिक जागेचे आकडे बदलत होते. ताई थांबायच्या, दोन पावलं डावीकडे जायच्या, पुन्हा थांबायच्या.

"चार-पाच पावलांचा फरक राहू शकतो," त्या म्हणाल्या. "आधीच सांगते."

"चालेल."

आणखी थोडं चालल्यावर पडद्यावरचे आणि कागदावरचे आकडे जुळले. ताईंनी कागद पुन्हा एकदा वाचला, पुन्हा मोबाइल पाहिला. मग पायाजवळची जमीन दाखवली.

"हे दार."

बाईनं मागे वळून नदीकडे पाहिलं, मग समोर. पुढे नुसता वाळका चिखल होता, भेगा पडलेला. तिनं पाय खाली घासून पुसले. मग चौकटीला डोकं लागू नये म्हणून ती किंचित वाकली, आणि आत गेली.

ताई बाहेर थांबल्या.