तेवीस खिळे, मधोमध

टेलिफोन खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत डायलटोन यांचा एकही खिळा चुकला नव्हता. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, आणि ते इतक्यांदा म्हणून झालं होतं की आता ती घरातली एक सर्वमान्य गोष्ट झाली होती. डायलटोन हे अर्थातच खरं नाव नाही. काम करताना नाकातून एकाच सुरात गुणगुणायची त्यांना सवय होती, म्हणून सहकाऱ्यांनी ते ठेवलं. फोन उचलला की जसा आवाज यायचा तसाच आवाज, तसाच अखंड, आणि समोरच्याचं काहीही ऐकून न घेणारा.

जुन्या टेलिफोनची वायर चपटी असायची. दोन तारा शेजारीशेजारी, आणि मध्ये रबराची चिंचोळी पट्टी. खिळा त्या पट्टीत, बरोब्बर मधोमध ठोकायचा. केसभर डावीकडे गेला तर एक तार गेली, उजवीकडे गेला तर दुसरी. नवशिके क्लिपा वापरायचे. डायलटोन खिळे वापरायचे, आणि डोळे मिटून ठोकून दाखवायचे. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनी बायकोला हे करून दाखवलं होतं. तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि तिची पदवीची शेवटची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. मग त्यांची बदली झाली. "दोन वर्षांत परत येऊ, तेव्हा दे," असं डायलटोन म्हणाले होते. खात्याने त्यांना सव्वीस वर्षांनी परत पाठवलं. एवढा फरक सरकारी कामात धरायचाच असतो.

ती परीक्षा आता या शनिवारी होती. भूगोलाची. विद्यापीठाने जुन्या विद्यार्थ्यांना एक संधी दिली होती, पहिली आणि शेवटची; पुढच्या वर्षीपासून तो अभ्यासक्रमच बंद होणार होता. लेखी पेपर तिने दोन वर्षांत सोडवले. एका नदीने पात्र का बदललं यावर ऐंशी पानांचा प्रबंध लिहिला. उरली होती फक्त तोंडी परीक्षा, तीन प्राध्यापकांसमोर, घरच्या कॉम्प्युटरवर. शनिवार, दुपारी तीन. नियम सहा पानांचे होते. मोबाइल चालणार नाही. वायरचं कनेक्शनच हवं. कॉम्प्युटर मंजूर केलेल्या खोलीतून हलवायचा नाही. परीक्षकांनी ती मागची खोली आधीच कॅमेऱ्यातून पाहिली होती, कपाटाचं दार उघडून दाखवायला लावून.

राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या. मध्ये वीस मीटर वायर जमिनीवरून लोळत गेलेली. बायकोने गुरुवारी सगळं तपासलं, सगळं चालू होतं, आणि तिने राउटरवर चिठ्ठी चिकटवली: "परीक्षा होईपर्यंत कुणीही हात लावू नये." घरात दोनच माणसं राहत होती. त्यातलं एक चिठ्ठी लिहिणारं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती प्रबंधाची बांधून दिलेली प्रत घेऊन परतली तेव्हा वायर जमिनीवर नव्हती. भिंतीच्या कडेकडेने, पट्टीवर आखल्यासारखी सरळ गेली होती.

"हे कुणी केलं?" तिने चपला न काढताच विचारलं.

डायलटोन पेपर वाचत होते. चिठ्ठीची त्यांना आठवण झाली, जरा उशिरा. "कंपनीचा माणूस आला होता," ते म्हणाले. "तपासणीला. म्हणाला, पायात येते, लावून देतो."

"परीक्षेच्या आदल्या दिवशी?"

"त्याला काय माहीत तुझी परीक्षा?"

हे बरोबरच होतं. जो माणूस आलाच नाही त्याला काय माहीत असणार!

शनिवारी साडेदहाला तिने कॉम्प्युटर लावला. पडद्यावर खाली एक लाल फुली. 'वायर जोडलेली नाही.'

"अहो, इकडे या जरा."

निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेल्या सहा वर्षांत, डायलटोन यांना इतक्या तातडीने कुणी हाक मारली नव्हती. ते उठले तेच गुणगुणत. खात्याची चामडी पिशवी काढली. "घाबरू नकोस," ते म्हणाले. "लाइन म्हणजे माणसासारखी असते. आधी तिला विचारायचं, कुठे दुखतंय."

मग त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली. राउटर बंद केला, शंभर आकडे मोजून चालू केला. त्यावरचे दिवे हिरवे लागले. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरचा तेवढा लागेना. प्लग काढला, फुंकला, घातला. दुसऱ्या भोकात घातला. तिसऱ्या. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. लाल फुली तिथेच.

लेकीचा दुसऱ्या शहरातून फोन आला. तिने आईऐवजी बाबांनाच मागितलं. ती मोठी होत होती तेव्हापासून घरात असंच होतं.

"बाबा, वायर बदलून बघा."

"वायर ठीक आहे."

"कशावरून?"

"मी बघितलीय ना! बाहेरूनच येत नाहीये."

"बाहेरून येत नसतं तर राउटरचे बाकीचे दिवे लागले नसते."

"मला दिवे शिकवू नकोस."

"बाबा, वायर साडेचारशेला मिळते कोपऱ्यावर."

"साडेचारशे रुपयांचा प्रश्न नाही!" डायलटोन म्हणाले, आणि ते अगदी खरं बोलले.

कारण एव्हाना त्यांच्या मनात एक शंका येऊन बसली होती. ती अकराच्या सुमारास आली, प्लग फुंकताना. काल हातोडी चालवताना ही वायर त्यांना चपटी वाटली नव्हती. गोल वाटली होती. पण तेवीस खिळे ठोकून झाल्यावर वायरच्या आकाराबद्दल फार विचार करण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडची बाई अतिशय गोड बोलत होती.

"आपल्याला होत असलेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर. आपण राउटर बंद करून चालू केला का?"

"सात वेळा."

"कृपया एकदा बंद करून चालू करा, सर. मी थांबते."

ती थांबली. डायलटोन यांनी आठव्यांदा केला. साडेबाराला तक्रार नोंदली गेली. "आमचा माणूस अठ्ठेचाळीस तासांच्या आत येईल, सर. आपला दिवस आनंदात जावो."

बायको बाल्कनीत गेली आणि तिने आपल्या मोबाइलवरून तोच नंबर लावला. कनेक्शन तिच्या नावावर होतं. प्रबंधासाठी तिनेच घेतलं होतं. ती वीस मिनिटं बोलत होती. काय बोलली ते डायलटोन यांना ऐकू आलं नाही, पण तिचा आवाज दोनदा फाटला. आत येऊन म्हणाली, "दोनपर्यंत पाठवतायत."

"कशाला? मी शोधतोय ना!"

"शोधा," ती म्हणाली आणि प्रबंध उघडून बसली. पान मात्र उलटलं नाही.

सव्वादोनला बेल वाजली. दारात पन्नाशीची बाई, पाठीवर बॅग, कमरेला पक्कड.

"मेकॅनिक कुठेय?" डायलटोन तिच्या मागे जिन्यात डोकावून बघू लागले.

"तीच मी, काका. सरका."

तिने गप्पा मारल्या नाहीत. हाताएवढा एक डबा काढला, त्याचे दोन तुकडे केले, एक राउटरच्या टोकाला लावला, एक कॉम्प्युटरच्या. डब्यावर आठ बारके दिवे होते. एकेक पेटत गेला. एक, दोन, तीन अंधार, चार, पाच, सहा अंधार, सात, आठ. पुन्हा पहिल्यापासून. तीन अंधार, सहा अंधार.

"आत आठ तारा असतात," ती डायलटोन यांच्या बायकोला म्हणाली. "तुमच्या दोन मेल्यात. बाहेरचं सगळं ठणठणीत आहे."

आठ. डायलटोन यांचं गुणगुणणं थांबलं.

मेकॅनिकबाई वाकून वायरच्या कडेने चालत निघाली आणि चौथ्या पावलाला खाली बसली. मग तिने खिळ्यावर नख फिरवलं. पुढचा पाहिला. त्याच्या पुढचा.

"अगंबाई! हे कुणी ठोकलंय?"

डायलटोन यांनी चामडी पिशवी पायाने मागे सरकवली.

"एकेक बघा हो. बरोब्बर मधोमध. माप घेऊन ठोकल्यासारखं. माणूस कसबी आहे, पण याला मधोमध काहीच नसतं ना! आठ तारा एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात. कुठूनही ठोका, कुणीतरी मरणारच."

बायकोने मान वर केली. चौतीस वर्षांत तिने सात भाड्याच्या घरांच्या भिंती पुसल्या होत्या, आणि प्रत्येक भिंतीवर हेच खिळे होते. एवढ्या अंतरावर, एवढ्या उंचीवर. तिला जवळ जाऊन बघायचीही गरज पडली नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"तुमच्याच कंपनीचा माणूस येऊन गेला काल," डायलटोन म्हणाले.

मेकॅनिकबाई उठली. "आमचा?"

"हो."

"मग वांधा झाला. आमच्या माणसाची चूक असेल तर जागेवरचं काही हलवायचं नाही. साहेब येणार, फोटो काढणार. मी दुसरी वायर टाकली तर ते माझ्या अंगावर येतं. साहेब सोमवारी."

"माझी परीक्षा तीनला आहे," बायको म्हणाली.

"ताई, मला कळतंय. पण नोकरी जाईल माझी. तुम्ही लोकांनी स्वतः केलं असतं तर प्रश्न नव्हता. एक सही घेतली असती, दहा मिनिटांत वायर टाकून दिली असती. बॅगेत आहे माझ्या."

भिंतीवरच्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

बायको नवऱ्याकडे वळली. आवाज अगदी मऊ होता. "अहो, तो माणूस दिसायला कसा होता?"

हे दार तिने त्यांच्यासाठी उघडून धरलं होतं. नुसतं 'अगं, मीच' एवढं म्हणून त्यातून येता आलं असतं. पण दारापाशी एक परकी बाई उभी होती, कमरेला पक्कड लावून, आणि तिने नुकतंच 'कसबी' म्हटलं होतं.

"उंच," डायलटोन म्हणाले. "मिशी होती."

"आमच्या भागात मिशीवाला कुणी नाही," मेकॅनिकबाई म्हणाली. "थांबा, ऑफिसला विचारते." तिने फोन लावला. ऑफिसने तिला थांबायला सांगून गाणं लावलं. तिघंही ते गाणं ऐकत उभी राहिली. चांगलं आनंदी गाणं होतं. तारुण्याबद्दल काहीतरी होतं.

दोन अडतीस. दोन बेचाळीस. डायलटोन यांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा खोकले, एकदा नुसतंच मिटलं.

दोन सत्तेचाळीसला बायको म्हणाली, "मी ठोकले."

"काय?" मेकॅनिकबाईने फोन कानावरून काढला.

"खिळे मी ठोकले. पायात येत होती वायर. कंपनीचा कुणी आला नव्हता, यांचा काहीतरी गोंधळ झाला. आणा, कुठे सही करायची?"

मेकॅनिकबाईने एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, एकदा काकांकडे, एकदा काकांच्या चामडी पिशवीतून डोकावणाऱ्या हातोडीच्या दांड्याकडे. तिने काही विचारलं नाही. तिचंही लग्न झालेलं असावं. तिने फॉर्मवर लिहिलं, 'ग्राहकाने स्वतः वायरमध्ये खिळे ठोकल्याने बिघाड', तारीख घातली, सही घेतली, आणि बॅग उघडली.

ती खरंच भराभर काम करणारी बाई होती. वायर जमिनीवरून सोडली, दोन्ही टोकं सोलली, आठ तारा रंगांच्या क्रमाने लावल्या, प्लग दाबले. डायलटोन यांनी मदतीला हात पुढे केला तेव्हा ती "नको काका" म्हणाली. राउटरवरचा दिवा हिरवा झाला तेव्हा तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

बायकोने साडीचा पदर सारखा केला, खुर्चीत ताठ बसली आणि बटण दाबलं.

'प्रवेशाची वेळ संपली आहे. गैरहजेरीचे कारण सात दिवसांत पुराव्यासह कळवावे.'

अक्षरं लख्ख आली. जोडणी उत्तम होती.

पुराव्यासह तिने कळवलं. म्हणजे खरं तेच कळवलं: परीक्षेच्या दिवशी वायर बिघडली होती, सोबत कंपनीचा अहवाल जोडला आहे. दुसरा पुरावाच नव्हता. नवव्या दिवशी विद्यापीठाचं उत्तर आलं. अहवाल पाहिला. बिघाड परीक्षार्थीने स्वतःच्या हाताने केल्याचं व तसं मान्य करून सही केल्याचं दिसतं. सबब विनंती मान्य करता येत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

तिने ते एकदा वाचलं, कॉम्प्युटर बंद केला आणि पक्कड घेऊन भिंतीपाशी बसली. एकेक खिळा काढून वाटीत टाकू लागली. प्रत्येक खिळा वाटीत पडताना वाजत होता.

डायलटोन दारात उभे होते. नवी वायर त्यांच्या पायांशी घरभर लोळत होती. गेले नऊ दिवस ते ती ओलांडताना पाऊल गुडघ्यापर्यंत उचलत होते.

"दे इकडे," ते शेवटी म्हणाले. "मी काढतो. अगं, माझेच आहेत ते."

वाटीत एकविसावा वाजला. बाविसावा.

"नाही हो," ती मान वर न करता म्हणाली. "कागदोपत्री माझे आहेत."