सुगनबाईंचा डबा मेक्सिकोला जाऊन आला

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. जुन्या जालन्यातल्या कापडवाल्यांच्या गल्लीत माझा मुक्काम असतो. माझ्या झाकणावर ठोकून घातलेलं नाव आहे : सौ. सुगनबाई किशनलाल. नाव घातलेलं भांडं आमच्यात घरंदाज समजतात, मग मी थोडा तोरा मिरवला तर काय बिघडलं?

तांबटाने मला घडवलं आणि सुगनबाईंच्या लग्नात मी या घरी आलो. त्यांच्या रसोईत मांसमच्छी तर सोडाच, कांदालसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबायचा. माझ्या पोटात वर्षानुवर्षं मठऱ्या, म्हणजे तळलेल्या खाऱ्या पुऱ्या, राहिल्या. पाहुणे म्हणायचे, 'किती खुसखुशीत राहतात हो!' कौतुक मठऱ्यांचं असायचं, पण मी ते माझ्याकडे घ्यायचो.

समोरच्या खोल्यांत साहेबराव मास्तर राहायचे. त्यांचं घर बौद्ध. दोन्ही घरं एकमेकांशी गोड बोलायची, पण ताटवाटी कधी गल्ली ओलांडायची नाही. असं का, हे तेव्हा माझ्याही मनात आलं नाही.

१९७४ साली मास्तरांच्या बेबीनंदाला शिष्यवृत्ती मिळाली. परभणीला शेतकी शिकलेली ही पोरगी मक्याचा अभ्यास करायला दोन वर्षांसाठी मेक्सिकोला निघाली. तिची आई मालनबाई आठ दिवस डोळ्याला पदर लावून होती. "इतक्या लांब गेलेलं लेकरू परत येतंय व्हय?" एवढंच तिचं चालू होतं. निघायच्या सकाळी सुगनबाई मला मठऱ्यांनी गच्च भरून गल्ली ओलांडून आल्या.

"बेबी, डबा परत आणायचा. भूलना नहीं. आन् याच्यात मांसमच्छी बिलकुल न्हाई ठेवायची."

"न्हाई ठेवणार, काकी."

मालनबाईने तेवढ्यात डोळे पुसले. उसनं भांडं बरोबर आहे, म्हणजे पोरीला यावंच लागेल, हे तिच्या मनाने घेतलं.

मेक्सिकोतलं तोलुका हे गाव चांगलंच थंड. तिथे दोन्या एल्विरा नावाच्या एका विधवा बाईंकडे बेबीनंदाने खोली घेतली. आपण मानाने बाई म्हणतो तसं तिकडे दोन्या म्हणतात. रोज सकाळी साडीवर लोकरीचं जाकीट चढवून ती मला घेऊन टॉर्टियाच्या दुकानापुढे रांगेत उभी राही. टॉर्टिया म्हणजे मक्याची पातळ भाकरीच. इतर बायांच्या हातात टोपल्या आणि फडकी, हिच्या हातात मी. सगळे माझ्याकडे वळून बघत आणि मी फुगत असे.

वर्गातलं स्पॅनिश सुरुवातीला तिच्या डोक्यावरून जायचं. ऐकू येईल तसं ती देवनागरीत उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी शब्दकोश घेऊन एकेक शब्द शोधत बसायची. घरचं पत्र यायला महिना लागे. आईची तिळाची चटणी संपली, तेव्हा तिने बरणीत टॉर्टियाचा तुकडा फिरवून फिरवून बरणी लखलखीत केली. किती आठवण येत असेल तिला घराची!

तिला स्वतःला मांसाची बंदी नव्हती, पण माझ्यात तिने ते कधी ठेवलं नाही. दोन्यांनी वाडगंभर काही दिलं की ती वाडगं घासून, त्यात मूठभर शेंगदाणे घालून परत करी. भांडं रिकामं कसं परत द्यायचं? दोन्यांना वाटे, मुलगी फार मानी आहे, फुकट काही घेत नाही. खरं कारण सांगायला हिच्याजवळ तेवढं स्पॅनिश नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ऐन परीक्षेत ती तापाने फणफणली. चार दिवस पोटात अन्न नाही. पाचव्या दिवशी दोन्यांनी प्रेमाने मला धुतलं आणि माझ्यात गरम तामाल भरून तिच्या उशाशी ठेवले. तामाल म्हणजे पानात बांधून वाफवलेलं मक्याचं पीठ. त्यात डुकराची चरबी होती. मित्रांनो, माझी काय गत झाली असेल! बेबीनंदाने झाकण उघडलं, वास घेतला आणि ती रडायलाच लागली. मग रडत रडत तिने दोन तामाल खाल्ले.

बरी झाल्यावर तिने दोन्यांना सगळं सांगितलं. दोन्यांनी झाकणावरच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "इथे काय लिहिलंय?"

"माझी वाट बघणाऱ्या बाईचं नाव," ती म्हणाली.

पुढे तिच्या प्राध्यापकांनी तिला तिथेच नोकरी देऊ केली. तिने दोन दिवस विचार केला, माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून सांगितलं. निघताना दोन्यांनी मला तिकडच्या काळसर गुळाने भरलं. "रिकामं परत करायचं नाही ना?" असं म्हणून त्या हसल्या आणि लगेच रडल्या.

जालन्याला आल्यावर तिने मला कल्हईवाल्याकडे दिलं. निखाऱ्यांवर तापून मी आतून चांदीसारखा झालो. मालनबाई म्हणाली, "झालं की आता. कशाला सांगू राह्यलीस? कोण बघायला गेल्तं तिथं?"

"मी होते ना आई," बेबीनंदा म्हणाली आणि मला पुन्हा गुळाने भरून समोर गेली.

तिने काही लपवलं नाही. सुगनबाईंनी माझं झाकण उघडून आत बघितलं. मग त्यांनी विचारलं, "ते खाऊन ताप उतरला का?"

"उतरला, काकी."

"मंग बराबर केलं." त्यांनी गुळाचा खडा फोडून तिथेच तोंडात टाकला.

खरं सांगतो, रसोईत मात्र मी पुन्हा गेलो नाही. ओसरीवरच्या कोनाड्यात मला जागा मिळाली. वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पापड घेऊन मी गल्ली ओलांडली, तिकडून तिळाची चटणी घेऊन परत आलो, आणि तो क्रम सुरूच राहिला.

यंदाच्या थंडीत सुगनबाई गेल्या. तेव्हा मी समोर बेबीनंदाकडेच होतो, त्यांच्या शेवटच्या पापडांसकट. बेबीनंदाने मला चटणीने भरलं आणि त्यांच्या सुनेकडे, मंजूकडे, नेलं.

"ताई, आता सगळे स्टीलचे डबे आहेत," मंजू म्हणाली. "हा मोडीतच जाईल. तुम्हीच ठेवा."

"ठेवून कसं चालंल, मंजू? मंग मी परत कशाला येऊ?"

मंजूने मला घेतलं आणि कोनाड्यात ठेवलं. आठ दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मोडवाल्याची हाक आली की माझा जीव खालीवर होई.

मित्रांनो, तुमच्या घरात शेजाऱ्याचं एखादं भांडं पडून असेल. ते घासा आणि परत द्या, पण रिकामं देऊ नका.

काल मंजू मला घेऊन गल्ली ओलांडून गेली. माझ्यात तिने स्वतः तळलेल्या मठऱ्या होत्या. जरा करपल्या होत्या.