अंगठ्यातलं अंगुस्तान

अगं, तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर हसूनहसून माझं सांगायचंच राहील!

आमच्या शिवणवर्गाच्या मोठ्या बाई माहितीयत ना? वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या स्वयंपाकघरात चार बायकांना घेऊन बसल्या, आता आम्ही एकसष्टजणी. शिवण शिकतो, वाचायला शिकतो, आणि भांडतोही भरपूर. म्हणून बाईंचा नियम: अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतो ना ते, जिच्या बोटात तिनेच बोलायचं. आणि एक काम अंगावर घेतल्याशिवाय काढायचं नाही.

तर घरमालकाला आमची खोली कोळसा ठेवायला हवीय. पुढच्या शनिवारपर्यंत जागा मिळाली नाही तर वर्ग बंद! म्हणून काल सगळ्याजणी नगरपालिकेत. बंबखान्यामागची खोली तीन वर्षं कुलपात पडलीय, ती द्या म्हणून.

अध्यक्ष कसले, आधी पोट आत येतं, मग ते. "बायकांना खोली कशाला? घरं नाहीत का?"

बाईंनी अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. "माझं बोलून झालं, खोली झाडायचं काम माझ्या अंगावर. आता तुम्ही बोला."

"हे काय खेळणं?" म्हणत त्यांनी ते थेट अंगठ्यात खुपसलं. आणि अडकलं ना गं! ओढतायत, पिरगाळतायत, तोंड लालबुंद. कारकून त्यांना धरून मागे खेचतोय! आणि आम्ही एकसष्टजणी चिडीचूप. नियमच आहे ना, बोलायचं त्यांनीच!

"अहो, बघत काय बसलात? तेलबिल आहे का कुणाकडे?"

माझ्या पिशवीत मशीनच्या तेलाची कुपी! हात आत गेलासुद्धा. तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे असे डोळे वटारले, की मी हात तिथेच थांबवला.

"आमच्यात काम अंगावर घेतल्याशिवाय ते काढत नाहीत," पुढे बसलेली आमच्यातली धोबीण म्हणाली, त्यांनीच विचारलं म्हणून.

"घेतलं! खोली घ्या! सोमवारी किल्ली न्या!" डाव्या हाताने आमच्या अर्जावर सही केली बिचाऱ्यांनी, पार कोंबडीचे पाय. मग मी ओरडले, "अय्या, कुपी सापडली!"

बाहेर आल्यावर मी नाचतेय, आणि बाई म्हणतात, "वेडे, मी डोळे वटारले ते लवकर दे म्हणून! त्यांचा अंगठा काळानिळा झाला. सोमवारी किल्ली घेण्याआधी तूच त्यांना कुपीचं खरं सांगायचंस."

आणि त्यांनी किल्ली परत खिशात टाकली तर? एकसष्टजणी मला कच्ची खातील गं! सांग ना, तू काय केलं असतंस?